सिद्ध पटर आणि भंडाऱ्याचे दोन ठसे

पाटोद्याच्या आमच्या शाळेच्या मैदानावर त्या दिवशी जेवढे पालक जमले, तेवढे निकालालाही कधी येत नाहीत. जो तो आपलं लेकरू पुढे ढकलत होता. का, तर बाजारोबाजार फिरणारे सुंदरराव महाराज लेकराच्या राशीला लागू पडणारा पटर निवडून देत होते!

पटर म्हणजे काय, ते सांगते. आमची मुलं मिनी गोल्फ खेळतात, मीच त्यांना शिकवते. हिरव्या चटईवर चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायचा. ज्या काठीने ढकलायचा तिचं नाव पटर. या खेळाचं प्रमाणपत्र पोलीस भरतीत कामाला येतं असं कुणीतरी उठवलं, आणि ज्यांनी जन्मात गोल्फ पाहिला नव्हता ते आठवड्यात जाणकार झाले. रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. मग महाराज बरे गप्प बसतील!

"मेषेला लोखंडी डोकं, कर्केला पितळी," महाराज सांगत होते. "पटर चुकला की सातव्या घरातला शनी चेंडूला भोकाच्या कडेवरून माघारी धाडतो!"

शनीला सध्या दुसरं काम नसावं.

पुरावाही होता, बरं का. लेकराने एका हातात आपला पटर धरायचा, दुसरा हात आडवा ताणायचा. महाराज भंडाऱ्यात बोटं बुडवून तो हात दाबायचे. हात मटकन खाली! मग भगवा दोरा बांधलेला 'सिद्ध' पटर द्यायचा, पुन्हा भंडारा, पुन्हा दाब. हात जागचा हलायचा नाही. भरतीसाठी रोज जोर काढणाऱ्या तानाजीचाही हात पडला, तेव्हा त्याची आई साखराबाई रडायलाच लागली. आणि योगायोग पाहा, बाराही राशींना महाराजांच्याच पोत्यातले, विकतचे पटर लागू पडत होते.

मग शिवकन्येची पाळी आली. मेंढरं राखणाऱ्या धुळाजीची ही लेक आमच्या संघात सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चांगली खेळणारी. शाळेचा पटर तिला लांब पडायचा, मूठ पोटात टोचायची. म्हणून धुळाजीने मला विचारून तो वरून चार बोटं कापला होता आणि मुठीला लोकरीचा दोरा गुंडाळून दिला होता.

महाराजांनी तो पाहिला आणि कानांवर हात ठेवले. "कापलेला! अरे, खंडित मूर्ती कुणी पुजतं का? हिची निवड होणं न्हाई. आन् ज्यानं कापला, त्याचा कळप..." पुढचं ते मुद्दाम बोलले नाहीत.

धुळाजीची मान खाली गेली. "मीच माझ्या लेकीचं वाटोळं केलं," तो म्हणाला. "माझा एडका घ्या महाराज, पन तिला सिद्ध पटर द्या." माझं तर डोकंच फिरलं.

महाराजांनी शिवकन्येचा हात दोनदा दाबला. आधी पडला, मग टिकला. गर्दीने जयजयकार केला. पोरगी मात्र आपल्या हाताकडे बघत राहिली.

"मॅडम, दोन पिवळे ठसे हायेत. कापलेला पटर धरला तवा मनगटावर दाबलं. भगव्याच्या टायमाला कोपराच्या वर. कावून?"

"सगळ्यांनी बाह्या वर करा!" मी ओरडले. प्रत्येक हातावर तेच दोन ठसे, त्याच दोन जागांवर.

"ती शक्तीची येण्या-जाण्याची वाट हाय," महाराज म्हणाले.

"मग सिद्ध पटर देऊन मनगटावर दाबा की."

"आता मुहूर्त टळला."

"तर मग आम्ही बिनमुहूर्ताचं करतो." मी तानाजीला बोलावलं आणि त्याच्या एका हातात भगवा पटर दिला. शिवकन्येने त्याच्या दुसऱ्या, आडव्या हाताच्या मनगटावर भार टाकला, तो दांडगा हात खाली गेला. मग त्याला शिपायाचा खराटा दिला. पोरगी कोपराच्या वर अक्षरशः लोंबकळली, हात तसूभर हलला नाही. म्हणजे मिनी गोल्फसाठी सगळ्यात सिद्ध वस्तू खराटाच ठरली!

"घरी जाऊन दार ढकलून बघा," मी म्हटलं. "बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं, कडीजवळ एका बोटाने उघडतं. हाताची बिजागरी खांद्यात आहे. एवढाच चमत्कार."

धुळाजीने भगवा पटर लेकीशेजारी उभा करून पाहिला. तो तिच्या बरगड्यांना लागत होता. "मेंढरामागची काठी घ्यायची तर मी उंचीला लावून बघतो," तो म्हणाला. "आन् लेकीच्या टायमाला राशीला लावून बघत होतो!" मग तो महाराजांकडे वळला. "देवाचा भंडारा असल्या कामाला? लाज हाय का न्हाई बे?"

महाराजांना एकाएकी वडवणीचा बाजार आठवला. पण ज्याचे पैसे त्याला परत केल्याशिवाय लोकांनी त्यांना जाऊ दिलं नाही.

रविवारी शिवकन्येची निवड झाली, कापलेल्या पटरनेच. तीन चेंडू चुकले, कारण तिने घाई केली. शनीची चौकशी कुणी केली नाही.

सोमवारी साखराबाई तानाजीला आणि त्याच्या पटरला घेऊन धुळाजीकडे हजर. "भाऊ, तुमच्या हाताला लई गुण हाय. ह्याचाबी पटर तुमच्याच हातानं कापा."

मी कपाळावर हात मारला. एक महाराज गेला नाही तोच दुसऱ्याची स्थापना!

"गुण हाताला न्हाई ताई, मापाला हाय," धुळाजी म्हणाला. "उभा ऱ्हा बे तानाजी, आदी मोजू दे."

बाबांनो, तुम्हीही एवढंच करा. हात जोडायचे ते मग जोडा, आधी मोजून बघा. तानाजीला त्याचा पटर अगदी बरोबर होता. धुळाजीने तो न कापताच परत दिला.