मागची गाडी

हरिसिंग राठोडनं यवतमाळच्या मॅरेथॉनमध्ये एका गाडीला हरवलं. असं काही झालंच नाही, हे तांड्यात एकमतानं ठरलेलं आहे. तेव्हा आपणही ते झालं नाही असंच धरून चालू.

तर हरिसिंग धावत होता. वय चोपन्न, डोक्याला रुमाल, छातीवर नंबराचा कागद. पुढचा रस्ता मोकळा होता, म्हणजे स्पर्धेत दुसरं कुणी उरलं नव्हतं. मागून एक पांढरी गाडी रांगत येत होती. गाडी मागं आहे, म्हणजे आपण जिंकतोय.

हे शहाणपण त्याला पन्नाशीत आलं. एका सकाळी महागावला जाणारी काळीपिवळी त्याला न घेताच निघाली. जीप त्याच्या लहानपणच्या दोस्ताची, बाबूसिंगची. हरिसिंग संतापून मागं पळत सुटला, नाल्याच्या पुलावर जीप गाठली, ओलांडली आणि महागावच्या स्टँडवर उतरणाऱ्यांचं स्वागत करायला आधीच हजर राहिला. तेव्हापासून तो जीपमध्ये बसला नाही. रोज सकाळी दोघं एकदम सुटायचे आणि रोज जीप हरायची.

"इंजनात दम नाही राह्यला, भिया," बाबूसिंग म्हणायचा. "तुह्यात हाये."

एवढ्या भांडवलावर हरिसिंगनं थेट पूर्ण मॅरेथॉनमध्ये नाव घातलं. तांड्यात कुणी अडवलं नाही. अडवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

पांढऱ्या गाडीतून एका पोरीनं मान बाहेर काढली. गळ्यात शिट्टी, अंगात आयोजकांचा टी-शर्ट.

"काका, बसा आता गाडीत. टाइम संपला."

"काहून? तुमची गाडी थकली का?"

"नाही हो. आमी शेवटच्या माणसाच्या मागंच ठेवतो तिले. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"गाडी हाये ना ते, काका. दाबली तं तुमी आरशात बी दिसनार नाही."

हरिसिंग थांबला. खाली वाकून त्यानं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. नाडी सुटलेली नव्हती. नाल्याचा पूल, तिथं रोज बारीक होणारा जीपचा आवाज, खिडकीतून हसणारी तोंडं. तो उठला आणि गाडीत न बसता पुन्हा धावायला लागला.

थोड्या वेळानं मागचा आवाज बंद झाला. त्यानं वळून पाहिलं. दिवसभर रांगून रांगून गाडीचं इंजन तापलं होतं. बॉनेट उघडं, वाफेचा लोट, आणि ती पोरगी टोपीनं वारा घालत होती. हरिसिंग पुढं गेला. तो पोचला तेव्हा शेवटच्या रेषेवरची फुगवलेली कमान हवा काढून घडी घातलेली होती. त्यानं घडीवरून उडी मारली.

दुसऱ्या दिवशी महागावच्या स्टँडवर बाबूसिंगची जीप तांड्याकडे निघायच्या बेतात होती. आत माणसावर माणूस. हरिसिंग समोर जाऊन उभा राहिला.

"कधीपासून?"

बाबूसिंगनं फडकं घेऊन काच पुसायला घेतली. काच स्वच्छ होती.

"पह्यल्या दिवसापासून. तू मांगून पयत येत होता, तोंड लालबुंद. मले वाटलं, हा मरते आता. म्हनून हळू केली. मंग तू इतका खूश झाला का... दुसऱ्या दिवशी कसं दाबू?"

"अन् हे सगळ्याईले माहीत?"

जीपमधले सगळे एकदम बाहेरचं बघू लागले. कॉलेजचा पहिला तास रोज बुडवणारी बबिता मोबाइलमध्ये शिरली. पुढच्या सीटवर हरिसिंगची बायको हंसाबाई बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"तू बी?"

"मीनंच सांगतलं होतं याले, चालू ठेव म्हनून," हंसाबाई पिशवीकडे बघत म्हणाली. "जिंकून आले का तुमी घरात नीट बोलत होते."

हरिसिंगनं जीपच्या टपावर हात ठेवला, आणि तापलेला निघाला म्हणून काढून घेतला.

"पन यवतमाळची गाडी खरीच बंद पडली," तो म्हणाला. "वाफ निघालती. मी डोयानं पाह्यली."

"हो ना, भिया," बाबूसिंग लगेच म्हणाला. "पडली असन."

"पडतेच ना काका," बबिता म्हणाली.

मागच्या सीटपर्यंत सगळ्यांनी माना हलवल्या. चार वर्षं हलवत होते तशाच, मायेनं.

हरिसिंग त्या दिवशी तांड्यापर्यंत चालत गेला. जीप त्याच्या मागं मागं, पहिल्या गिअरात.

संध्याकाळी तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बैठक बसली. हरिसिंगला आजवर फार फसवलं, यापुढं त्याच्याशी खरं तेच बोलायचं, असं ठरलं. सुरुवात म्हणून, यवतमाळची गाडी बंद पडलीच नव्हती, असा ठराव हात वर करून मंजूर झाला. हंसाबाईनंही हात वर केला. हरिसिंग उठून घरी गेला आणि दार लावून लिहायला बसला.

"मा. आयोजक साहेब, मॅरेथॉन समिती, यवतमाळ यांसी. अर्जदार हरिसिंग राठोड विनंती अर्ज सादर करतो की, आपली पांढरी गाडी रस्त्यात आपल्या स्वतःच्या कारणाने बंद पडली, अर्जदाराचे मन राखण्यासाठी पाडली नव्हती, असा दाखला मिळावा. दाखल्यावर कोणत्याही माणसाची सही चालणार नाही. सही सदर गाडीने स्वतः करावी, ही नम्र विनंती."