डॉक्टरांच्या गळ्यातली नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे आणि आता मला नीट ऐकू येत नाही. हसू नका. शिकलेले लोक मला स्टेथोस्कोप म्हणतात. गडमुडशिंगी गावात मी 'डॉक्टरची नळी', आणि तेच नाव मला आवडतं.

माझं रबर कुठल्या कारखान्यात ओतलं, ते आठवत नाही. आठवतो १९९१ सालचा वीरेश डॉक्टरांचा नवा दवाखाना. घर लिंगायत. त्यांच्या गळ्यात इष्टलिंग असे आणि मी असे. ते वाकले की आम्ही एकमेकांवर आपटायचो. त्यांची आई दानम्मा म्हणायची, "एक देवाचं, एक माणसांचं. दोन्ही सांभाळ, मगा." मगा म्हणजे कानडीत मुलगा.

मग वस्तीत कावीळ आली. नळाला गढूळ पाणी येत होतं. डॉक्टर आपल्या पक्षाच्या पुढाऱ्याकडे चार खेपा गेले. तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही गोळ्या द्या की. पाण्याचं आम्ही बघतो." कुणी बघितलं नाही. दोन पोरं गेली. दुसऱ्याच्या छातीवर मी होते. ठोका थांबला, तो मी ऐकला.

सत्त्याण्णवच्या जिल्हा परिषदेला डॉक्टर स्वतःच्याच पक्षाविरुद्ध बंडखोर म्हणून उभे राहिले. लोकांनी टाळ्या दिल्या, मतं दिली नाहीत. निकालानंतर त्या पुढाऱ्याच्या गुंडांनी दवाखाना फोडला, डॉक्टरांचा हात मोडला. ज्यांच्यासाठी ते भांडले, त्यांतला एकही बघायला आला नाही. हे मी तोंडावर सांगते. राग आला तर येऊ दे. आला तो बाप्तिस्त पंथाचा एक म्हातारा ख्रिस्ती पाळक. रोज यायचा, पेज भरवायचा, उशाशी बसायचा.

दोन वर्षांनी डॉक्टरांनीही बाप्तिस्मा घेतला आणि ते उपदेशक झाले. या पंथात डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही, अख्ख्या माणसाला पाण्याखाली जावं लागतं. डॉक्टरांनी इष्टलिंग आईच्या हातात दिलं, 'आता प्रार्थना हेच औषध' म्हणत दवाखान्याला कुलूप लावलं आणि मला ट्रंकेत टाकलं.

दानम्मा कडाडली, "लिंग काढलंस, ते तुझं नि देवाचं. नळी कुणाला नडत हुती?"

पाच वर्षं मी डांबरगोळ्यांत पडून होते. रबर ताठत गेलं. बाहेर कुणी खोकायचं, मग प्रार्थना व्हायची, मग पुन्हा तोच खोकला. माझा जीव खालीवर व्हायचा. अरे, आत काय चाललंय ते ऐका तरी!

मग एका डिसेंबरात सत्तरीच्या तानाबाईचा बाप्तिस्मा ठरला, तोही थंडगार नदीत. ती अंगणात आली तीच धापा टाकत. डॉक्टरांनी प्रार्थनेला हात उचलले, तेवढ्यात दानम्मानं ट्रंक उघडून मला त्यांच्या अंगावर फेकलं. "देव पळून जात न्हाय. आधी हिचं ऐक!"

डॉक्टरांनी प्रार्थनेचे हात खाली घेतले. त्यांनी मला तानाबाईच्या पाठीला लावलं. मित्रांनो, आत पाणी बुडबुडत होतं. ठोके अडखळत पळत होते. त्या पोरासारखं पुन्हा ऐकावं लागतंय की काय, या भीतीनं मी गार पडले.

"मावशी, आज नदी नाही. आज सरकारी दवाखाना."

"अवं डाक्टर, आणि वाटंतच मेले तर? कोरडीच वर जाऊ व्हय?"

"देवाला जबाब मी देतो. रिक्षात बसा."

तानाबाई वाचली. मे महिन्यात, दानम्माच्या परड्यातल्या म्हशीच्या हौदात बंबाचं ऊन पाणी ओतून तिचा बाप्तिस्मा झाला. डॉक्टरांनी आधी तिची छाती तपासली, मग तिला धरून ते हौदात उतरले. मला गळ्यातून काढायचं विसरले! आम्ही दोघी बुडालो. तानाबाई वर आली ती हसत, "म्हशीची चैन हाय की!" मी वर आले ती बहिरी होऊन.

दवाखाना पुन्हा उघडला. डॉक्टर रविवारी उपदेश करतात, बाकी दिवस रोगी तपासतात. त्यांच्या गळ्यात नवी नळी आहे, मी खिळ्यावर. तानाबाई मात्र हट्ट करते, "माझं हिनंच ऐका." डॉक्टर मला लावतात. मला काहीच ऐकू येत नाही आणि मी घाबरते. मग ते हळूच नवी लावतात, मान हलवतात, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडतो.

मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. माझं काम संपलं. पण ज्याच्यासाठी भाषण ठोकाल, ज्याच्यासाठी हात जोडाल, त्याच्या छातीला आधी कान लावा. तेवढ्यासाठी मी अजून खिळ्यावर लटकते आहे.