ओट्यावरचे इंग्रजी अर्ज

अमडापूरच्या अश्विनीला सोमवारी चिखलीच्या एका शाळेत नमुना पाठ घ्यायचा होता. पाठ जमला तर नोकरी, नाही तर पुन्हा वर्षभर थांबा. विषयही शाळेनंच ठरवून दिलेला: एखादी गोष्ट घडली तर काय होईल, घडली असती तर काय झालं असतं, हे इंग्रजीत कसं म्हणायचं. साध्या बोलण्यात कसं आणि मानाच्या भाषेत कसं.

म्हणजे नुसता जर-तरचा कारभार. हा तर आपल्या हातचा मळ, असं अश्विनीला वाटलं. तिनं सात महिन्यांच्या मयुरीला मांडीवर निजवलं, एका हातानं थोपटत दुसऱ्या हातानं पुस्तक उघडलं आणि पहिलंच वाक्य मोठ्यानं वाचलं, "इफ द हाउस कॉट फायर, वी वुड लूज एव्हरीथिंग."

"म्हंजे काय वं?" आतून सासूबाईंनी विचारलं. शालूबाईंचे कान भलते तिखट. पोळपाटावर लाटणं फिरत असलं तरी गल्लीच्या टोकाला कोण शिंकलं ते त्यांना कळायचं.

"घराला आग लागली तर आपलं सगळं जाईल," अश्विनीनं सरळ सांगून टाकलं.

लाटणं थांबलं. शालूबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या.

"भर दुपारी, घरात बसून, मांडीवर लेकरू घेऊन असं बोलतं का कोनी? वास्तू दिवसभर तथास्तु म्हनत राह्यते! नेमकी तुह्या बोलन्यावर म्हनली म्हंजे?"

"आई, पुस्तकातलं आहे."

"ज्यानं लिहिलं त्याच्या घरात बोल म्हनावं."

अश्विनी पुस्तक घेऊन ओट्यावर गेली. ओटा घरातच मोजतात, असं कळलं. गोठ्यात गेली. गोठाही वास्तूतच येतो, वरून म्हैस गाभण आहे, असं कळलं. शेवटी ती हातपंपाशी उभी राहून दुष्काळ, अपघात आणि नापास होण्याची वाक्यं मराठी अर्थासकट म्हणू लागली, तेव्हा पाणी भरायला आलेल्या दोन बाया घागरी रिकाम्याच घेऊन परतल्या.

काहीतरी तोड काढणं भाग होतं. कारण सोमवारी मयुरीला सांभाळणार कोण, तर शालूबाईच. आणि मयुरी अशी की आईशिवाय कुणाच्या हातून थेंबभर दूध घेईल तर शपथ. सासूबाई रुसल्या की पाठ, नोकरी, सगळं चिखलीलाच राहिलं.

"बरं आई," अश्विनी म्हणाली, "घरात चांगलंच बोलू. तुमचे गुडघे बरे झाले तर तुम्ही काय कराल?"

शालूबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "शेगावले दर्शनाच्या रांगेत उभी राहीन. बसाले खुर्ची मागनार नाई."

अश्विनीनं ते इंग्रजीत म्हणून दाखवलं. शालूबाईंनी डोळे मिटून ऐकलं, छताकडे पाहून हात जोडले आणि अर्ध्या मिनिटानं गुडघा वाकवून पाहिला.

"अजून एकदा म्हन. हे साधं होतं का मानाचं?"

"साधं. बोलताना सुरुवातीला इफ लावतात. मानाच्या भाषेत, म्हणजे अर्जात वगैरे, इफ काढून टाकतात आणि वेअर नाहीतर शुड पुढे घेतात. वेअर माय नीज टु रिकव्हर…"

"म्हंजे पदर सावरून बोलनं."

"हाव, तसंच."

"मंग मानाचंच म्हन ना बाई! तहसीलीत अर्ज देतो तं 'ओ, ऐकता का' असं लिहितो का? हे तं वास्तूले द्याचं हाये."

इथून सगळा घोटाळा झाला. वास्तूला इंग्रजीत अर्ज देता येतो, हे शालूबाईंनी शेजारच्या रुक्मिणीबाईंना सांगितलं, रुक्मिणीबाईंनी आणखी चौघींना, आणि रविवारी सकाळी ओट्यावर बायांची रांग लागली. एकीला नवऱ्याचं घोरणं थांबवायचं होतं. एकीला सून माहेराहून परत यायला हवी होती, पण सणानंतर, आधी नको. बांगड्यांचं दुकान चालवणारी खैरुन्निसा रांगेत नव्हती, नुसती बघायला आली होती.

"दुआ तं मी माह्या बोलीतच मागते," ती हसून म्हणाली. "पन अल्लाह ना करे म्हटल्याबिगर आमच्या घरातबी कोनी वाईट बोलत नाई हां. तुह्या पुस्तकवाल्याले कोनी आजी नव्हती काय?"

अश्विनी एकामागोमाग एक वाक्यं रचत होती. मयुरी एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जात सगळ्यांच्या पदराला लाळ लावत होती.

शेवटी रुक्मिणीबाई पुढे सरकल्या. "होऊन गेलेल्याचं बनते का? माह्या बापानं मले शाळेत घातलं असतं तं?"

"बनतं की. हॅड माय फादर सेंट मी टु स्कूल… तुम्ही काय झाला असता काकू?"

"कंडक्टर," रुक्मिणीबाई ताडकन म्हणाल्या. हे उत्तर चाळीस वर्षं तयार असावं. "बुलढान्याच्या गाडीवर. पुढं सरका, पुढं सरका म्हनत."

अश्विनीनं वाक्य पुरं केलं. त्यांनी ते तीनदा म्हणायला लावलं आणि मग डोळे पुसत, कुणालाही पुढे न सरकवता, उठून गेल्या.

सोमवारी अश्विनी सातच्या गाडीनं निघाली. मयुरीनं फाटकापाशी असा काही भोंगा पसरला की अश्विनीचा पाय तिथंच अडला. "जाय तू," शालूबाई म्हणाल्या, पण आवाज त्यांचाही बारीक झाला होता.

नववीचा वर्ग. मागच्या बाकावर मुख्याध्यापक प्रेमानंद सर वही घेऊन बसलेले. अश्विनीनं खडू उचलला, पुस्तकातलं पहिलं वाक्य घराच्या जागी शाळा घालून म्हणायला तोंड उघडलं, "इफ द स्कूल…" आणि तिची जीभ टाळूला चिकटली. चाळीस लेकरं या छपराखाली बसली आहेत आणि आपण आग म्हणायचं?

वर्ग बघत होता. सरांचं पेन थांबलं. अश्विनी तरातरा दाराबाहेर गेली, व्हरांडा ओलांडून समोरच्या पटांगणात उभी राहून "इफ द स्कूल कॉट फायर, वी वुड रन!" म्हणाली आणि परत आत आली.

"मॅडम, हे काय?" सरांनी विचारलं.

खोटं सुचेना. "सर, वास्तू तथास्तु म्हणते."

सर काही बोलायच्या आत पहिल्या बाकावरची मुलगी गंभीरपणे म्हणाली, "हो सर. आमची आजी पन म्हनते."

"आमची पन!" "आमची तं चप्पल फेकून मारते सर!"

मग अश्विनीनं नियमच करून टाकला. चांगलं वाक्य जागेवर, वाईट वाक्य पटांगणात जाऊन. क्षणात सगळ्या वर्गाला वाईट वाक्यं सुचायला लागली. दाराशी ही गर्दी. परीक्षा बुडाल्या, गणिताची पुस्तकं उंदरांनी खाल्ली, फळा पडला, आणि हे सगळं पटांगणात, शुद्ध इंग्रजीत, जवळजवळ बरोबर. शेवटची पाच मिनिटं सगळ्यांनी आत बसून मानाच्या भाषेत सहल मागितली.

तास संपला तेव्हा प्रेमानंद सर उठले. वही मिटली आणि दाराबाहेर गेले. सर पटांगणात उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "वेअर मॅडम टु रिफ्यूज अवर जॉब, वी वुड बी व्हेरी अनहॅपी."

मग आत आले आणि मराठीत म्हणाले, "गुरुवारपासून या."

दुपारी ती घरी पोचली तेव्हा शालूबाई ओट्यावर मयुरीला घेऊन बसल्या होत्या. दोघींचे डोळे रडून लाल, दोघींच्या अंगभर दूध.

"जमलं?"

"जमलं आई. गुरुवारपासून."

"रोज?"

"रविवार सोडून रोज."

शालूबाईंनी मयुरीकडे पाहिलं. मयुरीनं त्यांच्याकडे पाहून ओठ बाहेर काढला.

"मंग बस इथं," त्या म्हणाल्या. "वाटी अर्धी माह्याच अंगावर गेली आज. कसं पाजते ते दाखव मले."

अश्विनीनं खांद्यावरची पिशवी काढली नाही. ती तशीच टेकली आणि सासूबाईंच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आधी चमचा नुसता खालच्या ओठाला लावायचा, आई. घाई नाही करायची. ती आपणहून तोंड उघडते."