सरुमावशीचं मरण

माझ्या कादंबरीला पुण्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा आमच्या जळोची गावात सगळ्यांनी एकच विचारलं, "जयवंता, पाडलं कुणाला?" आमच्याकडं बक्षीस म्हणजे कुस्तीचं. कॉलेजात सरांनी लिहायला शिकवलं, त्याचं हे फळ, हे सांगून मी थकलो. शेवटी देवळात पोथी लावणारे तात्याबा म्हणाले, "मग वाचून तरी दाव. श्रावण हाय, पोथीच्या जागी तुझंच पुस्तक लावू."

झालं! पुस्तक रेशमी फडक्यात गुंडाळून चौरंगावर बसलं, त्याला हळदकुंकू लागलं. रोज दिवेलागणीला मी एक प्रकरण वाचायचो आणि तात्याबा त्याचा अर्थ सांगायचे. मी लिहिलेल्याचा अर्थ, मलाच! ऐकायचो गुमान, करतो काय.

पहिल्याच दिवशी बायका खुदखुदल्या. कादंबरीतली भांडखोर चंद्राबाई म्हणजे माझी सरुमावशी, हे लपतंय कुठं? आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं, लोकांच्या उसात खुरपून शिकवलं. ती पुढं बसून सगळ्यांना दटावायची, "हसताय काय? माझ्या पोरानं लिवलंय!"

पण शेवटच्या प्रकरणात चंद्राबाई मरते. आणि इकडं चैत्रात, मी पुण्याला असताना, कावळ्यानं मावशीच्या डोक्यावर चोच मारली होती. तसं झालं की मरण जवळ आलं, असं आमच्याकडं मानतात. तेव्हापासून मावशीचं जेवण तुटलं होतं. अंगणात जाताना डोक्यावर सूप धरायची. "औंदाची दिवाळी काय मला दिसत न्हाय," म्हणायची. मी बी.ए. झालेला शहाणा, समजावून दमलो. कादंबरी मी त्याच्या आधीच लिहिली होती, पण तिचं मरण तिच्यासमोर वाचलं तर बाई धसक्यानंच जायची.

शेवटच्या दिवशी मी पुस्तक मिटून म्हणालो, "संपलं. आरती करा."

"ए, पानं ऱ्हायलीत की अजून," मावशी म्हणाली. "पोथी अर्धी ठेवत्यात व्हय? वाच."

वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. चंद्राबाई गेली. तात्याबा अर्थ सांगायचा सोडून डोळ्याला उपरणं लावून बसले. बांधाच्या भांडणावरून मावशीशी कित्येक वर्षं अबोला धरलेली छबूबाई तिच्या गळ्यात पडून मोठ्यांदा रडली. सगळं देऊळ रडत होतं. मीसुद्धा.

मावशी मात्र उठली. सगळ्यांकडं नीट बघून घेतलं आणि चैत्रानंतर पहिल्यांदा हसली. "सुटले गं बाई! कावळ्याचा दोष गेला!"

मला कळेना. तात्याबांनी नाक पुसत सांगितलं, "कावळा लागला की जवळच्या माणसाला मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. त्यो रडला की अरिष्ट टळतं. तुझ्याबिगर हिचं हाय कोण? आमी तवाच म्हणलं, जयवंताला तार करू, तर आमच्याच अंगावर आली. तुला सांगायचं न्हाय म्हणून शप्पत घातली. आज पोथीत हिचं मरण वाचून तूच रडलास, झालं काम."

"मावशी, का नाही करू दिलीस तार?"

"तुझी परीक्षा व्हती न्हवं," ती म्हणाली. "पेपर टाकून पळत आला असतास, येड्या."

माझं बी.ए. तिनं जिवावर उदार होऊन मला दिलं होतं. भर देवळात, देवाकडं पाठ करून, मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"पुरं आता, ऊठ," मावशी म्हणाली. "घरी चल. मला भूक लागलीया."