सुलाबाईंचं खातं, विवरणासह

मी एक जुना प्रिंटर आहे. सुया फितीवर आपटून अक्षरं उमटवणारा, कर्र कर्र आवाज करणारा. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखा पाहिलाही नसेल.

१९९८ साली धोंडीरामांनी मला विकत आणलं. सातपूरला त्यांचं विजेच्या मोटारी भरण्याचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची. कामगार नव्हते. ते आणि त्यांच्या पत्नी पल्लवीताई, एवढेच. ताईंनी तीन महिन्यांचा क्लास लावला, हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं.

"आपल्याकडं सगळं कॉम्प्युटरवर," धोंडीराम गिऱ्हाइकाला सांगायचे. "एक रुपया इकडचा तिकडं नाही!"

आणि मी बिल छापायचो. लोक कागदावरून बोट फिरवून बघायचे. मला वाटायचं, मी खरं बोलणारं यंत्र आहे.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीखाली विवरणाची एक ओळ असे. बिलावर ती येत नसे. मोटारीत काय बिघडलं होतं, ते धोंडीराम सांगत आणि ताई इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवत. मोटार परत आली तर कामाला येई.

इथे काही वर्षं सोडतो. कागद पुढे सरकवतो.

मार्च २००२. सायखेड्याहून सुलाबाई आल्या. पिठाची गिरणी एकट्या चालवायच्या, तिची मोटार इथंच भरून घ्यायच्या. नव्या चक्कीसाठी कर्ज हवं होतं.

"ताई, मोटारीचा वरसाचा हिशोब दे छापून. बँकवाला लय कागद मागतो."

"बसा मावशी, दोन मिनिटं."

पडद्यावर प्रश्न आला: विवरणही छापायचं? ताईंनी घाईत 'हो' दाबलं.

१२ जून. मोटार भरणे. रु. १४००.
विवरण: पूर्ण जळाली होती. नवी तार.

९ नोव्हेंबर. मोटार भरणे. रु. १४००.
विवरण: जळाली नव्हती. वायर सुटली होती. नुसती जोडली. बाईला सांगू नये.

मित्रांनो, मी थां

थांबू शकलो नाही. माझ्यात ती सोयच नाही.

२ फेब्रुवारी. मोटार भरणे. रु. १४००.
विवरण: तेच. तीन दिवस ठेवून घेतली, म्हणजे खरं वाटेल.

ती बिलं मीच छापली होती. याच सुयांनी.

मागे उभ्या धोंडीरामांनी वाचलं. हातातला पाना खाली पडला.

"मावशी, हा कागद खराब आला. दुसरा देतो."

पण सुलाबाईंनी तो आधीच फाडून घेतला होता. "खराब कुठं रे? चांगला तर हाय. मला ही इंग्रजी अक्षरं नाय येत. ताई, तू वाच बरं."

ताईंनी नवऱ्याकडं पाहिलं. ते मान हलवत होते. नाही. नाही. नुसत्या रकमा वाचल्या असत्या, तर सगळं तिथंच मिटलं असतं.

ताईंनी पहिली नोंद वाचली. दुसरी वाचली. विवरणापाशी थांबल्या.

मग तेही वाचलं. तिसरीचंही.

"मावशी, लिहिलं मीच होतं," त्या म्हणाल्या.



"तीन दिस," सुलाबाई म्हणाल्या. "तीन दिस गिरणी बंद. बाया डबे घेऊन माघारी गेल्या. आन् मीच तुझी माफी मागितली होती ना रे धोंडीराम? सारखी मोटार जाळते म्हणून?"

धोंडीरामांनी गल्ल्यातून अठ्ठावीसशे काढले. सुलाबाईंनी मोजून घेतले. कागदही घेतला.

"मावशी... मोटार परत बिघडली तर?" धोंडीरामांनी विचारलं.

"तर आणीन की. पण उघडशील तवा मी समोर बसणार. आन् ताई सांगणार काय झालंय ते. तू नाय."

मित्रांनो, मी आता माळ्यावर आहे. माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण छापलेलं म्हणजे खरं, असं माझ्या भरवशावर कधी मानू नका. कागद हातात आला की वाचा. येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. सगळा घ्या, अगदी खालच्या बारीक ओळींपर्यंत. आणि वाचायला तुम्हाला सांगितलं, तर पल्लवीताईंसारखं वाचा.