फळांच्या वासाचा डबा

मित्रांनो, झाकण उघडण्याआधी माझे ऐका. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या अंगावर संत्री आणि लालचुटुक बोरांची चित्रे आहेत, आता जरा पोचे पडलेली. माझे झाकण इतके घट्ट की आतला वास बाहेर जात नसे. त्या वासाचा मला फार गर्व होता. गर्वाचे घर खाली म्हणतात, ते खोटे नाही.

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत शहरात जठारपेठेत राहणारी रागिणी मला घेऊन हिवरखेडला माहेरी आली. माझ्यात पांढरा चहा होता. कोवळ्या, लवदार कळ्या आणि त्यांत वाळलेल्या फळांचे आंबट गुलाबी तुकडे. तिचे आईवडील, माणिकबाई आणि उत्तमराव, भाजीपाला पिकवणारी माणसे. त्यांचा चहा म्हणजे दूध, साखर, आले आणि चांगली उकळी. रागिणीने मात्र नुसता गरम पाण्यात भिजवून दिला. माणिकबाईंनी बशीत ओतून एक घोट घेतला.

"चहा हाय का धुवन हाय हे?" त्या म्हणाल्या.

उत्तमरावांनी आपल्या कपात दूध घातले. फळांच्या आंबटपणाने ते फाटले आणि सगळे पोट धरून हसले. रागिणीच्या लहानग्या आकांक्षाला ही जादूच वाटली. ती पुन्हा पुन्हा दूध घालून बघत राहिली. माझ्या आयुष्यातला तेवढाच आनंदाचा दिवस.

चहा संपला. "इतका चांगला डबा फेकता काय?" म्हणत उत्तमरावांनी मला ठेवून घेतले. पेरून उरलेले बीटाचे बी त्यांनी माझ्यात भरले. त्या बियांना कीड लागू नये म्हणून गुलाबी विषारी औषध चोळलेले होते. मळ्यातल्या खोपीत उंदीर फार, म्हणून मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले. वर काही लिहिले नाही, कुणाला सांगितले नाही. बी खडबडीत, सुरकुतलेले, अगदी वाळलेल्या फळाच्या तुकड्यासारखे. आणि पत्र्यात मुरलेला वास तोच, गोड. वर्षभर मला धाकधूक होती.

यंदा आकांक्षा एकटीच सुट्टीला आली. आल्या आल्या तिने मला ओळखले. "आजी, तो जादूचा चहा कर ना."

माणिकबाईंनी मला उतरवून हुंगले. चष्मा देवघरात राहिला होता. "वास तं तसाच हाय," त्या म्हणाल्या. मला ओरडायचे होते, पण डब्याला कुठला आवाज? रिकामा असतो तर निदान वाजलो असतो.

चिमूटभर दाणे कपात पडले, वरून गरम पाणी पडले आणि ते गुलाबी झाले. आकांक्षाने कप ओठांपर्यंत नेला. तेवढ्यात तिला दुधाची आठवण झाली. तिने चमचाभर दूध घातले आणि ती वाट बघत राहिली.

"आजी, दूध फाटूनच नाही राहिलं."

"काहून नाही फाटत?" माणिकबाईंनी तळाचा एक दाणा उचलून बोटांत दाबला. त्यांचा हात थांबला. जन्मभर पेरलेले बी बोटांनी ओळखले. त्यांनी कप मोरीत ओतला आणि पोरीचे दोन्ही खांदे धरले. "पेली काय तू? खरं सांग मले."

आकांक्षाने नाही म्हणून मान हलवली. तरी माणिकबाईंनी तिला चूळ भरायला लावली, तिचे हात साबणाने घासले, आणि मग पदरात तोंड घालून त्या रडल्या.

उत्तमराव मळ्यातून आले आणि त्यांनी सगळे ऐकले. मग खिळा घेऊन त्यांनी माझ्या तळाला भोके पाडली. सारा राग माझ्यावर निघाला. सवय मात्र तशीच राहिली.

आता मी खोपीत टांगलेला आहे. वारा आला की वाजतो. खाली फळीवर सरबताची एक बाटली आहे. तिच्यात फवारणीचे नारिंगी औषध आहे आणि लेबल अजून सरबताचेच आहे. मित्रांनो, विष ज्या पुड्यात येते त्यातच राहू द्या. खाण्यापिण्याच्या भांड्याला ते सांभाळायला लावू नका. आम्हाला ओरडता येत नाही.

आज वारा नाही. आकांक्षा उन्हात खेळून दमून खोपीत आली आहे. तिला तहान लागली आहे.