तीन पाकिटं

कुलुपं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा कोणावर विश्वास बसत नाही, असं त्याची बायको म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पंचवीस वर्षं तो लोकांची अडलेली दारं उघडून देत आला होता. किल्ली हरवली म्हणून दुकानात येणाऱ्यांतले निम्मे खरं बोलत. उरलेल्या निम्म्यांना दुसऱ्याच कोणाच्या कपाटात डोकवायचं असे. कोण कुठल्या निम्म्यातला, हे त्याला माणसाच्या नुसत्या उभं राहण्यावरून कळे. ही नजर संध्याकाळी दुकानाबरोबर बंद करून घरी यावं, एवढं मात्र त्याला कधी जमलं नाही.

त्यामुळे मुलीच्या शाळेचं पत्र आलं, तेव्हा त्याने ते आधी उजेडात धरून पाहिलं आणि मग वाचलं.

शाळा कॅथलिक सिस्टरांची होती. मुलगी पाचवीपासून तिथे जात होती. तिला घरात सगळे खारू म्हणत, कारण लहानपणी हाताला लागेल ते ती उशीखाली, बुटात, दप्तराच्या चोरकप्प्यात साठवून ठेवायची. आता खारूची शाळेतली शेवटची दोन वर्षं सुरू व्हायची होती आणि त्या दोन वर्षांसाठी पाच विषय निवडायचे होते. पुढची सगळी वाट त्या पाचांवर ठरणार होती.

विषय निवडायची त्या शाळेत एक जुनी रीत होती. मुलीने कोणाला न दाखवता आपले पाच विषय लिहायचे, कागद पाकिटात घालून चिकटवायचा आणि जोडावर आडवी सही करायची. आईवडिलांनी मिळून तसंच एक पाकीट करायचं. तिसरं पाकीट शाळेचं, शिक्षकांनी एकत्र बसून केलेलं. ठरल्या दिवशी मुख्याध्यापिका सिस्टरांच्या टेबलावर तिन्ही फोडायची. जुळली तर पाच मिनिटांत सुटका. नाही जुळली तर बोलायचं, बोलून पोट भरेपर्यंत बोलायचं, आणि मग एक शेवटचा कागद करून त्यावर मुलीने आणि आईवडिलांनी सह्या करायच्या. धर्माचा तास सगळ्यांनाच होता, पण तोच विषय कोणाला परीक्षेसाठी पूर्ण घ्यायचा असेल तर तो पाचांत धरत. मुलीचं पाकीट शाळा ठेवून घेत नसे. ते तिने स्वतःजवळच सांभाळायचं, म्हणजे शाळेने हात लावला असं उद्या कोणी म्हणायला नको.

हे शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं.

“एवढी काळजी घेणारा माणूस आधी कधीतरी पकडला गेलेला असतो,” तो बायकोला म्हणाला.

बायको इस्पितळात चादरी आणि झगे शिवायची. तिने सुईत दोरा ओवत सांगितलं की काळजी घेणारी माणसं जगात असतात, फक्त ती आपल्या दुकानात येत नाहीत.

पण त्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यात शेजारच्या न्हाव्याने भर घातली. त्याचं म्हणणं, या शाळांचा निकाल दर वर्षी इतका चांगला लागतो कसा? जरा डळमळीत वाटणाऱ्या पोरांना या सिस्टर गोड बोलून सोप्या विषयांकडे वळवतात. गणित काढ, शास्त्र काढ, त्यापेक्षा हे घे, ते घे. पोराला वाटतं आपणच निवडलं. न्हाव्याच्या साडूची मुलगी अशीच गणितातून बाहेर पडली होती. “आणि धर्माचा विषय घेणाऱ्या पोरी,” दाढीचा साबण फेसत न्हावी म्हणाला, “त्यांच्यावर तर यांचा डोळाच असतो बघ.” पुढचं त्याने सांगितलं नाही. तोवर वस्तरा गळ्यावर आल्यामुळे कुलूपवाल्यानेही विचारलं नाही.

त्याला खारूने इंजिनीअर व्हायला हवं होतं. त्यात नवल काही नाही, पण त्याचं कारण वेगळं होतं. तो स्वतः सोळाव्या वर्षी शाळेतून निघून बापाच्या दुकानात बसला होता. तुला कुठला विषय आवडतो, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तर त्याला सांगताही आलं नसतं. कुलपाच्या आत काय चालतं ते त्याच्या बोटांना कळायचं, पण का चालतं ते कुठल्या तरी पुस्तकात असेल या भीतीने तो पुस्तकांच्या दुकानासमोरून जाताना भरभर पावलं उचलायचा. खारूला ते पुस्तक वाचता यावं, एवढंच. आणि गोड बोलून कोणी तिच्या हातातून ते काढून घेणार असेल, तर हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतला तो नव्हता.

मग त्याचं टेहळणं सुरू झालं. खारू शाळेतून उशिरा येऊ लागली होती. विचारलं तर म्हणायची, सिस्टरांशी बोलत होते. काय बोलत होतीस, तर असंच. गणिताच्या सरांना त्याने फाटकाशी गाठून आडून आडून विचारलं की मुलगी गणितात कशी आहे. सर म्हणाले उत्तम आहे, आणि घाईने सायकलवर बसले. एवढी घाई कशाला, हे त्याने त्या दिवशी जेवताना बायकोला तीनदा विचारलं.

“त्यांची शिकवणी असेल,” ती म्हणाली.

“किंवा वरून सांगितलं असेल, फार बोलू नका म्हणून.”

“अहो, ते सायकलवर बसले. पळून नाही गेले.”

ठरल्या दिवसाच्या आधीच्या शनिवारी खारू गाण्याच्या सरावाला गेली होती आणि बायको कामावर होती. दुपार होती. खारूच्या टेबलाच्या खणाला छोटं पितळी कुलूप होतं, ते त्यानेच तिला दहाव्या वाढदिवसाला दिलेलं. ते उघडायला त्याला खणाची मूठ धरण्याइतकाच वेळ लागला. वरच पाकीट होतं. तपकिरी, चिकटवलेलं, जोडावर खारूची वळणदार सही.

सहीकडे त्याने पाहिलंही नाही. अडाणी चोर कुलपाशी झटतो. जाणता माणूस बिजागऱ्या बघतो. पाकिटाची खालची घडी कारखान्यात चिकटवलेली असते, तिच्यावर कोणी सही करत नाही. ओल्या फडक्याने त्याने ती घडी जरा भिजू दिली, पातळ पातं आत सरकवलं आणि कागद बाहेर ओढला.

उच्च गणित. भौतिकशास्त्र. रसायनशास्त्र. संगणक. इंग्रजी.

तो खुर्चीवर बसला. मग कागद परत ठेवून घडी अशी चिकटवली की त्याची त्याला सापडली नसती. रात्रीच्या जेवणाआधीच त्याने आईवडिलांचा कागद पुढ्यात घेतला आणि झरझर तेच पाच विषय लिहून काढले. बायकोने वाचून विचारलं, की महिनाभर घोळ घातलात आणि आता एका झटक्यात कसं सुचलं? तो म्हणाला, विचार करून ठेवला होता. तिने सही केली, पण त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

आता त्याला पक्कं ठाऊक होतं की पोरीच्या मनात काय आहे. म्हणजे राहिली ती फक्त शाळा. पाणी मुरत असेल तर तिथेच.

सिस्टरांची खोली लहान होती. भिंतीवर क्रूस, खाली वह्यांची चवड, खिडकीत एक कुंडी आणि कोपऱ्यात लोखंडी कपाट. कपाटाचं कुलूप पाहून त्याला वाईट वाटलं. ते केसाच्या पिनेने उघडलं असतं. सिस्टर साठीच्या, बुटक्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या. त्यांनी तिघांना बसवलं, कपाटातून शाळेचं पाकीट आणलं. बायकोने पर्समधून त्यांचं काढलं. खारूने दप्तरातून आपलं काढून टेबलावर ठेवलं. तो त्या पाकिटाकडे बघतच नव्हता. त्याचं सगळं लक्ष सिस्टरांच्या हातांवर होतं, कारण काही होणार असेल तर ते त्या हातांतून होणार होतं.

आधी शाळेचं फुटलं. उच्च गणित, इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य, धर्म आणि समाज. सिस्टरांनी सावकाश वाचलं. तो मनात म्हणाला, आलात का मुद्द्यावर. गणित ठेवलंय, पण ते आमिष. मग आईवडिलांचं फुटलं. सिस्टरांनी मान हलवली. मग त्यांनी खारूची सही बोटाने तपासली, जोड कापला आणि कागद उलगडला.

“उच्च गणित,” त्यांनी वाचलं. “इतिहास. अर्थशास्त्र. साहित्य. धर्म आणि समाज.”

तो उभा राहिला. खुर्ची मागे भिंतीला लागली.

“हा कागद तिचा नाही,” तो म्हणाला. “बदललाय.”

सिस्टरांनी कागद त्याच्यासमोर सरकवला. अक्षर खारूचं होतं. ते तो नाकारू शकत नव्हता, आणि म्हणून त्याचा आवाज चढला. अक्षर तिचं असेल, पण लिहायला लावणारं दुसरं कोणी असेल. रोज संध्याकाळी थांबवून काय बोलता पोरीशी? पाकिटात हा कागद नव्हताच.

“मग कुठला होता?” सिस्टरांनी विचारलं. अगदी साधं विचारलं, एखाद्या मुलाला विचारावं तसं.

“उच्च गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणक, इंग्रजी.”

“तुम्हाला क्रमसुद्धा ठाऊक आहे,” सिस्टर म्हणाल्या.

बाहेर कुठल्या तरी वर्गात बाक सरकवल्याचा आवाज झाला. आपण काय बोलून बसलो ते त्याला कळायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात बायकोला ते कळून चुकलं होतं.

“तरीच,” ती म्हणाली, आणि खिडकीतल्या कुंडीकडे बघू लागली.

तो खाली बसला. लोकांची दारं उघडताना पंचवीस वर्षं त्याने कधी ओरखडा ठेवला नव्हता, आणि आज स्वतःच्याच तोंडाने त्याचं बिंग फुटलं होतं. पण संशय ही अशी गोष्ट आहे, की ती माणसाला शरमेतही सुखाने बसू देत नाही. त्याचं डोकं चालूच होतं. त्याने तो कागद पाहिला होता. मग तो गेला कुठे?

“तो तुमच्यासाठी होता, बाबा,” खारू म्हणाली. “हे पाकीट शाळेतल्या माझ्या कप्प्यात होतं. पाकिटं वाटायला मीच होते, एक जास्त घेतलं.”

“तुला कसं कळलं, मी उघडणार ते?”

ती सिस्टरांसमोर बोलावं की नाही या विचारात पडलेली दिसली. सिस्टर उठायला लागल्या, पण खारूच म्हणाली, थांबा.

“माझ्या खणाचं कुलूप अडकतं. किल्ली दोनदा हलवावी लागते. तुम्ही उघडलं की पुढचे चार दिवस ते लोण्यासारखं फिरतं. तुम्हाला अडकणारं कुलूप तसंच ठेवून जाता येत नाही.” ती जरा थांबली. “आठवीपासून मी बघतेय. त्या खणात मी खरं काही ठेवतच नाही.”

आठवीपासून. म्हणजे तीन वर्षं तो चोरून जे वाचत होता, ते त्याच्यासाठीच मांडून ठेवलेलं होतं. मैत्रिणीला लिहिलेली ती पत्रं, बाबांनी दिलेलं पेन फार आवडतं असं लिहिलेली ती वही. ती वही वाचून तो एकदा दिवसभर दुकानात शीळ घालत होता.

“हे तुला कोणी शिकवलं?” त्याने विचारलं, आणि विचारताना त्याची नजर पुन्हा सिस्टरांकडे गेली. ती गेलीच. इतक्या वर्षांची नजर एका दुपारी कशी वळणार.

“सिस्टरांना आत्ता कळतंय,” खारू म्हणाली. “तुमच्याबरोबरच.”

सिस्टरांचा चेहरा पाहून ते खरं आहे हे त्याला मानावं लागलं. त्या मुलीकडे बघत होत्या आणि खूष मुळीच दिसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, की जास्तीचं पाकीट घेतल्याबद्दल नंतर बोलू. मग त्यांनी शाळेचा कागद उलटा करून त्याच्याकडे दिला. मागे शिक्षकांनी कारणं लिहिली होती. गणिताच्या सरांनी लिहिलं होतं, गणित कोणत्याही परिस्थितीत सोडू देऊ नये. शास्त्राच्या बाईंनी लिहिलं होतं, गुण चांगले, पण पाठांतराचे. वर्गात एकही प्रश्न विचारत नाही. सिस्टर स्वतः घेत त्या धर्माच्या तासापुढे एकच ओळ होती: प्रश्न थांबवत नाही, त्यामुळे शाळा सुटल्यावर अर्धा तास द्यावा लागतो.

त्याने ते दोनदा वाचलं, शाईसुद्धा पाहिली. तीन शिक्षकांच्या तीन शाया होत्या.

“घरी तर तू काही विचारत नाहीस,” तो म्हणाला.

“घरी विचारलं की तुम्ही विचारता, हे तुझ्या डोक्यात कोणी घातलं,” ती म्हणाली. “इथे तसं कोणी नाही विचारत.”

सिस्टरांनी शेवटचा कोरा कागद काढला आणि सांगितलं की घाई नाही, आठवडा घेतला तरी चालेल. त्या स्वतःहून उठून बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. तो दाराकडे बघत राहिला. दाराबाहेर पावलं थांबतात का, हे ऐकायला त्याचे कान आपोआप टवकारले होते. पावलं दूर गेली.

खारूने कागदावर आपले पाच विषय लिहिले आणि सही केली. बायकोने खाली सही केली आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं. त्याची सही नसेल तर कागद पुढे जाणार नव्हता. हे तिघांनाही ठाऊक होतं. भौतिकशास्त्र सुटलं की इंजिनीअरिंगचं दार बंद, आणि ते दार पुढे कुठल्याही पात्याने उघडता येण्यातलं नव्हतं. त्याने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

“समज, मी सही केली नाही. तर तू काय करशील?”

“शास्त्र घेईन,” ती म्हणाली. “पास होईन. आणि तुम्हाला आवडेल ते खणात ठेवत जाईन.”

तिने हे धमकी दिल्यासारखं म्हटलं नाही. दुकानात भाव सांगावा तसं सांगितलं.

त्याने सही केली. मग सवयीने त्याने कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला, दोन सह्यांच्या मध्ये कोणी नंतर काही घुसवेल एवढी जागा राहिली आहे का तेही पाहिलं, आणि तिथे एक आडवी रेघ मारली. बायकोने कपाळाला हात लावला.

जिना उतरताना बायको पुढे होती. तो दोन पायऱ्या मागे, खारूच्या बरोबर चालत होता. तिला काहीतरी विचारावं असं त्याला वाटत होतं, पण विचारायची सवयच नव्हती; आजवर तो आधी शोधून काढायचा आणि मग विचारायचा. शेवटी तो म्हणाला, “त्या सिस्टरांना तू रोज अर्धा तास विचारतेस तरी काय?”

खारू थांबली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, तो खरंच विचारतोय की काही काढून घेतोय, हे पारखत. ती नजर त्याच्या ओळखीची होती. किल्ली हरवली म्हणून दुकानात येणाऱ्यांकडे तो तसाच बघायचा.

“कालचा एक प्रश्न सांगते,” ती म्हणाली. “बाकीचे नंतर बघू.”